कोलाडचा ट्रक आणि फोनमधला पाहुणा

रोहा तालुक्यातील कोलाडच्या रेल्वे स्थानकावर आपण कधी थांबला असाल, तर एक विलक्षण मालगाडी आपण पाहिली असेल. तिला डबे नाहीत. नुसत्या सपाट वाघिणी, आणि प्रत्येक वाघिणीवर मालाने भरलेला ट्रक, साखळ्यांनी जखडून ठेवलेला. ड्रायव्हर आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये निवांत बसलेले. कोकण रेल्वेने १९९९ च्या जानेवारीत कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी ही सेवा सुरू केली. पुढे ती सुरतकलपर्यंत नेली. २०२५ च्या गणपतीत खाजगी मोटारींसाठीही अशी सोय करण्यात आली.

आता गंमत पाहा. ट्रकला रुळांचे काही ठाऊक नाही. त्याची चाके डांबरी रस्त्यासाठी केलेली. पण मधे एक वाघीण आली, आणि रस्त्याचे वाहन रुळावरून गोव्याला निघाले. मी इतिहासाचा मास्तर. पेणला राहतो, रोह्याला शिकवतो, आणि रोजच्या गाडीत माझ्या समोरच्या बाकावरची दहाही माणसे फोनमध्ये डोके घालून बसलेली पाहतो. या फोनांच्या जगातही असे ट्रक आणि अशा वाघिणी होऊन गेल्या. त्यांचा इतिहास फार जुना नाही, पण त्यात काही राज्ये बुडालेली आहेत. तो इतिहास आज सांगायचा आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की एका फोनचे ॲप दुसऱ्या फोनवर चालत नाही, ते का? ॲप स्वतः फार थोडे करते. पडद्यावर अक्षर उमटवायचे असो, फोटो काढायचा असो, की आलेला निरोप साठवायचा असो, ते दर वेळी फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करते. हा अर्ज ठरावीक नमुन्यातलाच लागतो. तहसील कचेरीत नमुना चुकला की कारकून कागद परत करतो ना, तसेच. अँड्रॉइडचा नमुना निराळा, ॲपलच्या आयफोनचा निराळा. मग उपाय असा की मधे एक दुभाष्या बसवायचा. पाहुण्या ॲपने आपल्या भाषेत मागावे, दुभाष्याने ते यजमानाच्या भाषेत सांगावे, आणि उत्तर परत उलटे करून द्यावे. यंत्राचा गाभाच निराळा असेल, तर दुभाष्याने भागत नाही. त्या दुसऱ्या यंत्राचे सबंध सोंगच आणावे लागते, आणि ते फार जड पडते. सुदैवाने बहुतेक सर्व मोबाइल फोनांचा गाभा ‘आर्म’ या एकाच घराण्यातला आहे. म्हणून येथे दुभाष्यावर काम निभावते.

अर्थात भाषांतरात काहीतरी सांडतेच. रोह्याशी ज्यांचे घरचे नाते, ते सी. डी. देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ साली दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. जुने आणेही काही काळ सोबत चालू होते. दोन आणे म्हणजे साडेबारा नवे पैसे! तो अर्धा पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात राहायचा की दुकानदाराच्या गल्ल्यात, यावर बाजारात किती तोंडे वाजली असतील, याची कल्पना आपण करू शकाल. दुभाष्या कितीही हुशार असो, तो अर्धा पैसा कुठेतरी राहतोच.

या विषयातला पहिला मोठा धडा मोबाइलचा नाही, टेबलावरच्या संगणकाचा आहे. १९९२ साली आय.बी.एम. कंपनीने ओएस/२ या आपल्या प्रणालीची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचे प्रोग्रॅम चालत, आणि चांगले चालत. आय.बी.एम.ला याचा मोठा अभिमान. परंतु प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी साधा हिशेब केला. विंडोजसाठी एकदा लिहिले की ते दोन्हीकडे चालते; मग ओएस/२ साठी वेगळे कष्ट कशाला? कुणी लिहिले नाही. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले, त्याचे नवे प्रोग्रॅम ओएस/२ वर चालेनात, आणि यजमानाच्या घरात स्वतःचे म्हणावे असे फारसे काही उरलेच नव्हते. पाहुण्यासाठी दार उघडले, आणि घरच्यांनी चूल पेटवायचे सोडून दिले, असा तो प्रकार झाला.

मोबाइलवाल्यांनी हा धडा वाचला नव्हता असे नाही. पण गरज मोठी होती. २००९ साली पाम कंपनीने वेबओएस ही नवी प्रणाली आणली, तेव्हा तिच्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी ‘क्लासिक’ नावाचे एक दुभाषी ॲप मिळू लागले. पामचे जुने प्रोग्रॅम त्यात चालत. ते आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांची सोय करण्यासारखे होते. परक्या घराण्याचा पाहुणा आणण्याचा खरा प्रयोग केला तो ब्लॅकबेरीने.

ब्लॅकबेरी १० ही प्रणाली ३० जानेवारी २०१३ ला जगापुढे आली. आपल्याकडे साहेब लोकांच्या हातात हा फोन असे, हे आपणांस आठवत असेल. नव्या प्रणालीचा पाया क्यूएनएक्स हा. तो कॅनडात तयार झालेला आणि अतिशय भक्कम. पण ॲप कमी. म्हणून त्यांनी पोटात अँड्रॉइडचा दुभाष्या बसवला. सुरुवातीस अँड्रॉइडचे ॲप लिहिणाऱ्याने ते नव्याने बांधून द्यावे लागे. २०१४ च्या जानेवारीपासून कुणालाही अँड्रॉइडची फाइल थेट फोनवर चढवता येऊ लागली. आणि त्याच वर्षी ॲमेझॉनचे ॲप-दुकान त्यात आले. लोक खूश झाले. परंतु ज्याच्याजवळ अँड्रॉइडचे ॲप तयार आहे तो ब्लॅकबेरीसाठी पुन्हा कशाला लिहील? पुढचे आपण ओळखले असेलच. २०१५ च्या अखेरीस कंपनीने स्वतःच अँड्रॉइडचा फोन काढला, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या प्रणालीच्या सेवा बंद करून टाकल्या.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. २०१४ मध्येच मीही, थोडे पैसे साठवून, असा एक दुभाष्यावाला फोन घेतला होता. कुणाचा ते सांगत नाही. पेणच्या एका दुकानातल्या मुलाने त्यात अँड्रॉइडची ॲपे चढवून दिली, आणि स्टाफरूममध्ये मी जरा ऐटीत वावरू लागलो. पुढच्या पावसाळ्यात एके सकाळी कुंडलिका फुगली. कॉलेजने सुटी दिली आणि तसा निरोप सगळ्यांना धाडला. माझा फोन मात्र मूग गिळून बसला. मी छत्री घेऊन पेणहून गाडीने रोह्याला गेलो, चिखल तुडवीत फाटकापर्यंत पोचलो, तेव्हा शिपाई म्हणाला, “सर, तुम्ही कसे आलात?” फोन उघडून ॲपला हात लावला, तेव्हा पहाटेचा निरोप टुणकन वर आला. बायको अजून म्हणते की फोनला बोट लावून जागे करायचे असते, हे मास्तरांनाच ठाऊक नव्हते.

पण यात एक मर्म आहे, ते मला फार उशिरा कळले. निरोप आल्याची वर्दी ॲप स्वतः देत नाही. अँड्रॉइडच्या फोनावर ती वर्दी बहुतेक करून गुगलच्या सेवेमार्फत येते. ॲप दुभाष्याच्या घरी येते, पण गुगलचा टपालवाला त्या घराचा पत्ता मानत नाही! ॲप म्हणजे नुसता ट्रक नव्हे. पेट्रोल पंप, टोलनाका, गॅरेज हे सगळे त्याच्या मागे असते, आणि ते वाघिणीवर चढत नाही. आज तर ही अडचण वाढली आहे. फोन प्रमाणित आहे की नाही हे पुष्कळ बँकांची ॲपे गुगलकडून तपासून घेतात, आणि खात्री पटली नाही तर उघडतच नाहीत. दुभाष्याने ॲप चालवून दाखवले तरी पैसे काही देता येत नाहीत.

सॅमसंगचा टायझेन प्रणालीवरचा पहिला फोन, झेड १, सर्वांआधी विकला गेला तो आपल्या देशात. १४ जानेवारी २०१५ रोजी, किंमत ५,७०० रुपये. टायझेनचा पाया लिनक्स, आणि अँड्रॉइडचाही लिनक्स. एकाच गोत्रातले म्हणून दुभाष्याचे काम सोपे; व्हॉट्सॲप त्यावर प्रथम आले ते एका दुभाष्याच्याच आधाराने. फिनलंडच्या योला कंपनीच्या सेलफिश प्रणालीतही तोच उपाय होता. तिने अजून तग धरला आहे, पण मूठभर भक्तांपुरता. टायझेनच्या फोनांचे ॲप-दुकान मात्र २०२१ अखेर बंद झाले.

मायक्रोसॉफ्टचे वागणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, आणि तरीही ते वाचले नाहीत. ओएस/२ ची गत त्यांनी समोरच्या बाजूला उभे राहून पाहिली होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी विंडोज फोनवर अँड्रॉइडची ॲपे आणण्याचा बेत जाहीर केला, आणि दहा महिन्यांत, २०१६ च्या फेब्रुवारीत, गुंडाळलाही. दार उघडले असते तर घरातली चूल विझली असती. दार लावून घेतले, तर पाहुणेही नाहीत आणि जेवणारेही नाहीत. तो फोनही २०१९ अखेर संपला.

म्हणजे दुभाष्या ठेवला तरी मरण आणि न ठेवला तरी मरण? बऱ्याच अंशी हो. कारण लढाई आधीच हरलेली असते तेव्हाच दुभाष्याची आठवण होते. जिंकणाऱ्याला त्याची गरज कधीच पडली नाही.

तिसरी वाट आपल्याच लोकांच्या हातात येऊन गेली. २०१७ च्या जुलैत जिओफोन जाहीर झाला. परत मिळणारी अनामत १,५०० रुपये. त्यात काइओएस नावाची प्रणाली. ती मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसच्या राखेतून उठलेली. अँड्रॉइडची ॲपे तिच्यावर चालत नसत आणि दुभाष्याही नव्हता. तेवढ्याशा स्मरणशक्तीच्या फोनात तो मावलाही नसता. ॲप हवे तर ते नव्यानेच लिहायचे. लोक वर्षभर व्हॉट्सॲपची वाट पाहत राहिले. शेवटी २०१८ च्या सप्टेंबरात त्या कंपनीने ते खास या फोनासाठी लिहून दिले.

पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने आहेत, हे मी आपणांस सांगायला नको. तेथे मी विद्यार्थ्यांना घेऊन अधूनमधून जातो. एका कारखान्यातले वडीलधारे मूर्तिकार, डोळ्यांच्या आखणीत त्यांचा हात धरणारा विरळा, असाच बटणांचा फोन वापरत. मुंबईचे गिऱ्हाईक गेल्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो पाठवी आणि लिही, “काका, अशीच, फक्त पितांबर निळा.” तेवढ्यावर ऑर्डर पक्की. वही ठेवायची गरज त्यांना वाटली नाही. तो फोन हीच वही झाली.

मग २०२४ च्या जूनपासून काइओएसच्या दुकानात व्हॉट्सॲप मिळेनासे झाले, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनाही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंतच ते चालेल असे सांगण्यात आले. मुलाने काकांना अँड्रॉइडचा फोन घेऊन दिला. नंबर तोच, ॲपचे नावही तेच. परंतु काइओएसवरचे जुने संभाषण दुसऱ्या प्रणालीच्या फोनवर नेण्याची सोय कंपनीने केलेली नव्हती. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यात ती २०२१-२२ मध्ये झाली होती. तेथे दोन्हीकडे गिऱ्हाईक मोठे. नव्या फोनमध्ये काकांच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची पाने कोरी.

मुलाने युक्ती केली. जुन्या फोनच्या पडद्यावर एकेक मूर्ती आणायची आणि नव्या फोनच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो घ्यायचा. सबंध दोन दुपारी तो हे करीत बसला होता. त्या चकाकणाऱ्या, जरा तिरक्या चित्रांत पितांबराचा निळा हिरवट दिसतो, म्हणून काका नाराज होते. म्हणाले, “रंग मी विसरणार नाही हो, पण कुणाचा कुठला गणपती ते कसं लक्षात ठेवू?” मग त्यांनी पेणच्या बाजारातून एक दोनशे पानी वही मागवली आणि पहिल्या पानावर गिऱ्हाइकांची नावे आठवून आठवून लिहायला घेतली. मी निघालो तेव्हा बत्तीस झाली होती.