बंदूक नेमकी कुठल्या तुकड्यात असते?

नेहमीप्रमाणे आजच्या भागाचं लिखित रूप इथं देतोय. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.

काही वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये कॉलेजातल्या एका जुन्या मित्राकडे उतरलो होतो. जेवणं झाल्यावर तो मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथल्या लोखंडी कपाटातून त्यानं काळ्या ॲल्युमिनियमचा एक तुकडा काढला आणि माझ्या हातात ठेवला. वजन पाव किलोच्या आसपास. नळी नाही, दस्ता नाही, घोडा नाही. आत नुसती पोकळी आणि बाजूला कोरलेला नंबर. म्हणाला, "ही बंदूक."

मी हसलो. तो मात्र गंभीर होता. भिंतीवर त्याची तयार रायफल टांगलेली होती, एआर-१५ जातीची. दहा वर्षांत त्यानं ती थोडी थोडी करून उभी केली होती. आधी साधी नळी, मग चांगली नळी. दस्ता दोनदा बदलला, दुर्बीण तीनदा. "यातलं मूळचं काय राहिलंय?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या हातात आहे ना, तसला एक तुकडा. बाकीचं सगळं कुरिअरनं घरी आलं. फॉर्म भरून, सरकारी तपासणी होऊन जे घ्यावं लागलं ते एवढंच."

मला वडिलांची सायकल आठवली. चाकं, चेन, सीट, हँडल सगळं बदललं, तरी ती "अण्णांची सायकल"च राहिली, कारण फ्रेम तीच होती. गंमत म्हणजे अमेरिकेच्या बंदूक कायद्यातही हाच शब्द आहे, फ्रेम. फरक एवढाच, की सायकलचा सगळा भार फ्रेमवर असतो. या रायफलीत तसं नाही. का नाही, ते समजायला सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

१९५४ साली हॉलिवूडमध्ये आर्मालाइट नावाची छोटी कंपनी सुरू झाली. ती फेअरचाइल्ड या विमान बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती. एआर म्हणजे आर्मालाइटचीच अक्षरं. तिचे मुख्य डिझायनर यूजीन स्टोनर दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात होते आणि त्याआधी विमान कारखान्यात काम केलेले. त्यामुळे त्यांच्या डोक्यात लाकूड आणि पोलाद नव्हतं, ॲल्युमिनियम होतं.

पण गोळी सुटताना जो प्रचंड दाब तयार होतो, तो ॲल्युमिनियम कसं सोसणार? जुन्या रायफलींमध्ये हा धक्का मधली पोलादी पेटी झेलायची. स्टोनरच्या रचनेत मागचा खटका, म्हणजे बोल्ट, थेट नळीला जोडलेल्या पोलादी तुकड्यात अडकतो. धक्का तिथल्या तिथं जिरतो आणि भोवतालच्या पेटीला फारसं सोसावं लागत नाही. म्हणून ती हलकी करता आली, आणि दोन भागांत करता आली: वरचा भाग, खालचा भाग आणि त्यांना जोडणाऱ्या दोन पिना. साफसफाईसाठी सोय छान होती. पुढं हीच सोय गॅरेजात पोचणार आहे, हे तेव्हा कुणाच्या मनात असण्याचं कारण नव्हतं.

लष्करानं १९५७ मध्ये निवड केली ती एम-१४ची. पैशाच्या ओढीत असलेल्या आर्मालाइटनं १९५९ मध्ये एआर-१५चे हक्क कोल्टला विकले. तिथून ती हवाई दलाच्या आणि मग लष्कराच्या हाती गेली, नाव पडलं एम-१६. व्हिएतनामच्या जंगलात ती अडकायला लागली. काडतुसातली दारू बदलली होती, साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलं नव्हतं, आणि अडकलेली रायफल हातात घेऊन सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं चौकशी केली. मग काडतूस बसतं त्या जागेला क्रोमचा मुलामा आला, साफसफाईचे संच आले. म्हणजे या बंदुकीतल्या पहिल्या सुधारणांना 'अपग्रेड' असं गोंडस नाव नव्हतं. त्यांची किंमत पोरांनी मोजली होती.

दरम्यान १९६४ पासून कोल्ट तिची अर्धस्वयंचलित आवृत्ती सामान्य ग्राहकांना विकत होती. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी, पुढचं काडतूस आपोआप जागेवर. १९७७ मध्ये स्टोनरच्या पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्यांना मैदान मोकळं झालं. मापं लष्करानं ठरवलेली, त्यामुळे एका कंपनीची नळी दुसरीच्या पेटीवर बसायची. १९९५ मध्ये लष्करानं दुर्बिणी वगैरे बसवायच्या खाचदार पट्टीचं माप पक्कं केलं आणि सुट्या सामानाचा बाजार फुलला. लष्करी शिस्तीतून आलेली ही एकसारखी मापं हौशी माणसाच्या पथ्यावर पडली.

आता कायद्याकडे या. १९६८च्या कायद्यानं म्हटलं, की बंदुकीची फ्रेम किंवा 'रिसीव्हर', म्हणजे मधली पेटी, हीसुद्धा बंदूकच. पुढं सरकारी नियमात व्याख्या आली: ज्या भागात हातोडी, बोल्ट आणि गोळी झाडण्याची यंत्रणा असते, आणि जिच्या पुढच्या टोकाला सहसा नळी बसते, ती पेटी. जुन्या रायफलींना हे चपखल बसतं. एआर-१५मध्ये हातोडी आणि चाप खालच्या भागात, बोल्ट आणि नळी वरच्या भागात. व्याख्या दोन तुकड्यांत फाटली! तरी सरकारी खातं खालच्या भागालाच बंदूक मानत राहिलं. २०१६ नंतर कॅलिफोर्निया आणि ओहायोतल्या खटल्यांत वकिलांनी हाच मुद्दा काढला, की व्याख्येप्रमाणे हा तुकडा बंदूक नाहीच. न्यायाधीशांना तो पटलाही.

कायद्यानं दुसराही रस्ता धरून पाहिला होता. १९९४ मध्ये दहा वर्षांसाठी आलेल्या बंदीत काही रायफली नावानिशी होत्या, बाकीच्यांसाठी लक्षणांची यादी: पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन लावायची जागा वगैरे. यातली दोन लक्षणं असली तर बंदी. कंपन्यांनी संगिनीची जागा कापली, नळीच्या तोंडावरचा ज्वाला लपवणारा भाग काढला, आणि जवळजवळ तीच रायफल विकली. २००४ मध्ये बंदीची मुदत संपली. त्यानंतर ही मंडळी घटली नाहीत, वाढली. २०२२ मध्ये बंदूक उद्योगाच्या संघटनेनं देशात अशा धर्तीच्या सुमारे २.४४ कोटी रायफली असल्याचा अंदाज दिला.

मग बाजारात अर्धवट घडवलेले, नंबर नसलेले तुकडे आले. विक्रेत्यांचं म्हणणं: ही बंदूक नव्हे, धातूचा ठोकळा. २०२२च्या नव्या नियमानं सहज पूर्ण करता येणाऱ्या तुकड्यांनाही कायद्यात ओढलं, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी तो नियम कायद्याला धरून असल्याचं म्हटलं.

आपल्याकडे हा वाद या रूपात उभाच राहत नाही. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भागही येतात, आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा. परवान्याशिवाय नळीही घरी मागवता येत नाही. तिकडं एका तुकड्यावर बोट ठेवलं, इकडं सगळ्यांवर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं, २०२२ मध्ये युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. दोन्हीकडच्या एआर-१५ धर्तीच्या रायफली गॅरेजात जोडलेल्या नव्हत्या, रीतसर विकत घेतलेल्या होत्या. त्यामुळे माझ्या मित्रासारख्या हौशी माणसाला या इतिहासाचा खलनायक करणं सोपं असलं, तरी खरं नाही.

युवाल्डीनंतर त्याचा फोन आला होता. मुलगी तेव्हा तिसरीत. शाळेत दार लावून, दिवे घालवून गप्प बसायचा सराव झाला होता. घरी येऊन तिनं विचारलं, "बाबा, आपल्या भिंतीवर आहे तसलीच का ती?" हा म्हणाला, "मी तिला सांगायला लागलो, अगं नळी वेगळी, दस्ता वेगळा... आणि मधेच थांबलो."

पुढं त्यानं एकेक भाग विकून टाकला. नंबरवाला तुकडा तेवढा कपाटात आहे, कुलपात. परवा म्हणाला, "अरे, भिंत रिकामी आहे, पण कायद्याच्या लेखी माझ्याकडे बंदूक आहेच. पोरीच्या लेखी नाही." दोघांपैकी कुणाची व्याख्या बरोबर, हे मी त्याला सांगू शकलो नाही. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.