चूर्णप्रवाहमापन
औषधाचे चूर्ण किती सहज व एकसारखे वाहते, हे ठरविण्याच्या पद्धतींना चूर्णप्रवाहमापन म्हणतात. चूर्ण दाबून गोळ्या करण्याचे एकस्व (पेटंट) विल्यम ब्रॉकडन यांनी इंग्लंडमध्ये १८४३ साली घेतले. पुढे गोळीयंत्रे वेगवान झाली, तसे या मापनाचे महत्त्व वाढले. गोळीयंत्र चूर्ण तोलून घेत नाही. साच्याची पोकळी भरेल तेवढेच घेते. प्रवाह अडखळल्यास पोकळी अपुरी भरते व रुग्णाला औषधाची मात्रा कमी मिळते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिची सुकी हळकुंडे ओतली असता घरंगळतात. त्यांचीच वस्त्रगाळ पूड मात्र गुठळ्या धरते. कण जितका लहान, तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभागावरील आकर्षण प्रबळ ठरते. पोटात घेण्याच्या चूर्णाचा बारीकपणा हा गुण मानला जातो. गोळीयंत्रात तोच अडचणीचा ठरतो. म्हणून चूर्णाची प्रथम कणी तयार करतात.

खळ्यातील ज्वारीच्या राशीप्रमाणे ओतलेल्या चूर्णाचा शंकू होतो. त्याच्या उताराने तळाशी केलेला कोन म्हणजे विश्रामकोन. तो २५° ते ३०° असल्यास प्रवाह उत्कृष्ट, तर ४६° पासून पुढे निकृष्ट समजतात. कण एकमेकांवरून सरकण्यास घर्षण व आसंजन हे दोन्ही विरोध करतात, हे कूलंब यांनी १७७६ मध्ये मातीच्या संदर्भात मांडले होते. अँड्रू जेनिके यांनी १९६४ मध्ये दाबाखालील चूर्णाचे थर सरकविण्यास लागणारी प्रेरणा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. राल्फ कार यांनी १९६५ मध्ये दाब्यतेचा निर्देशांक सुचविला. उदा., मोजपात्रातील १०० घ. सेंमी. चूर्ण ठोके दिल्यावर ८० घ. सेंमी. झाले, तर हा निर्देशांक २० टक्के येतो. धातुचूर्णांच्या अभ्यासातून आलेले हाउसनर गुणोत्तर (१९६७) याच उदाहरणात १.२५ भरते.

सातारा जिल्ह्यात कराड येथे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. विश्रामकोन आणि त्यावर वंगणद्रव्याचा होणारा परिणाम यांचे मापन आज देशातील औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात प्रयोग म्हणून समाविष्ट आहे. तथापि कोणताही एक आकडा प्रवाहाचे पूर्ण वर्णन करीत नाही. जतच्या कोरड्या उन्हाळ्यात व महाबळेश्वरच्या पावसाळ्यात उघड्या हवेत ठेवलेल्या एकाच चूर्णाचा कोन सारखा येईलच असे नाही. यास्तव मापनाबरोबर हवेची आर्द्रता, उपकरण व ओतण्याची रीत नोंदविणे आवश्यक असते. त्यावाचून दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.