पाठलागात मेलेल्यांचा पंचनामा

पोलिसी कागदात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : आरोपी पळून जात असताना पडून जखमी झाला व मयत झाला. गाडी असली तर ‘पडून’च्या जागी ‘ताबा सुटून’ येते, एवढाच फरक. हे वाक्य दर वेळी खोटेच असते असे मी म्हणत नाही. माणसे पडतात, गाड्याही उलटतात. परंतु ते लिहिणारा हात पाठलाग करणाऱ्याचाच असतो, नाही तर त्याच ठाण्यातल्या सहकाऱ्याचा. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी पंच म्हणून कितीतरी कागदांवर अंगठा दिला, वाचता मात्र त्यांतला एकही आला नाही. पंचनामा हे इतिहासाचे साधन आहे असे मी आज वर्गात शिकवतो, तेव्हा ते अंगठे डोळ्यांसमोर येतात.

‘गुन्हा केला नव्हता तर पळाला कशाला?’ हा प्रश्न बीडमध्ये मी स्टाफरूममध्येही ऐकतो आणि एस.टी.तही. उत्तर इतिहासात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. पुढे तो कायदा देशभर लागू झाला, १९२४ साली आणखी घट्ट झाला. हजेरी, पास, सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण. परवान्याशिवाय हद्दीबाहेर पाऊल टाकणे हाच गुन्हा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कुंपण कायद्याने तुटले, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि ठाण्यातली नजर होती तिथेच राहिली. ज्या समाजाने थांबूनही मार खाल्ला, त्याने जीप दिसताच रानाकडे धाव घेतली तर ती गुन्ह्याची कबुली कशी होईल?

१९९८ च्या जूनमध्ये बारामतीला पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या हाती मेला. पोलिसांचे म्हणणे हेच, की पळताना पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये पुरुलियाला बुधन सबर कोठडीत मेला होता. तिथे म्हणणे गळफासाचे. तिथल्या लोकांनी केले ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. त्यांनी चितेवर पुतळा जाळला आणि बुधनचे प्रेत त्याच्याच झोपडीत पुरून राखले. म्हणून दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकले, म्हणून कलकत्ता उच्च न्यायालयाने भरपाई देवविली व सी.बी.आय. चौकशी लावली. महाश्वेतादेवी, गणेश देवी व आपले लक्ष्मण गायकवाड यांच्या गटाने ही प्रकरणे देशापुढे आणली. अहमदाबादच्या छारानगरातील पोरांनी दोन्ही मृत्यूंवर नाटके केली. स्वतंत्र तपास म्हणतात तो आपल्याकडे असा, झोपडीच्या जमिनीतून वर आला.

कायदा त्यानंतर सरकला, पण सरकला तो तुकड्यातुकड्यांनी. २००५ च्या दुरुस्तीने (अंमल २३ जून २००६ पासून) कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणे सक्तीचे झाले. २०१४ साली मुंबईतील चकमकींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांच्या गोळीने माणूस मेला तर तपास सी.आय.डी.ने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा. आता रस्त्यावर या. मोटारसायकलवर दोघे आहेत, मागे पोलिसांची गाडी आहे, वळणावर मोटारसायकल झाडावर आदळते. इथे गोळी सुटलेली नाही आणि कोठडीही नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही अशा अपघाती मृत्यूचा पहिला तपास पोलिसच करतात (कलम १९४), दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी की नाही हे त्याच्या मर्जीवर (कलम १९६). राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली पोलिस कारवाईतील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हावी असे कळवले, पण आयोगाचे शब्द शिफारशीचे. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिस पाठलागात माणूस मेला तर प्रकरण पोलिसांबाहेरच्या स्वतंत्र कार्यालयाकडे पाठवावेच लागते, आणि अशा मृत्यूंचा आकडा दरवर्षी छापला जातो. तिथले पोलिस देवमाणसे आहेत असे नव्हे, पण मोजल्याशिवाय प्रश्न उभाच राहत नाही.

शेजारच्या परभणीचे उदाहरण ताजे आहे. १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांनी मारहाण केली नाही, असे विधिमंडळात सांगण्यात आले. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीने वेगळे चित्र पुढे आणले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. ती चौकशी झाली ती सोमनाथ कोठडीत होता म्हणून. तोच पोलिसांपुढे धावताना रस्त्यावर पडून मेला असता, तर सक्तीची ती चौकशी त्याच्या आईच्या वाट्याला आली नसती.

म्हणून आपल्या पोरांना मी अलीकडे सांगतो : अशी खबर आली तर मोर्चाआधी जागेवर जा. चाकांच्या खुणा पावसाने किंवा पाण्याच्या टँकरने पुसण्याआधी फोटो घ्या, गाड्या हलवण्याआधी त्यांचे अंतर मोजा. हॉटेलवाल्याचा कॅमेरा कोणत्या दिशेला आहे ते बघा, कारण त्यातले चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण लेखी मागा. ठाण्याच्या डायरीतली त्या तासाची नोंद आणि वायरलेसवरचे बोलणे जपून ठेवावे, असा अर्ज त्याच दिवशी अधीक्षकांकडे द्या आणि पोच घ्या. आणि पंच म्हणून सही मागितली, तर आधी कागद मोठ्याने वाचा, आजूबाजूच्यांनाही ऐकू जाईल असा.