निजामी मोमिनाबाद ते महाराष्ट्र

घाटनांदूर हे परळी–विकाराबाद लोहमार्गावरचे गाव बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात येते. निजामाच्या काळी अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. रूळ हैदराबादकडे जात आणि हुकूम तिकडूनच येत. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांची बोली मराठी असली, तरी दप्तर उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा मुलखात मराठी शाळा चालवणे हेच राजकारण ठरले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती १९४६ मध्ये उठली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, पण त्याचे राज्य मोडले नाही. तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांचे हैदराबाद राज्य तसेच राहिले आणि निजाम राजप्रमुख झाला. रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी या राज्याच्या भाषावार विभाजनाचा आग्रह धरला. नेहरू सुरुवातीला त्याला अनुकूल नव्हते. तिकडे १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोर धरत होती.

मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्यातील नेत्यांच्याही सह्या होत्या, आणि त्यात विकासखर्च, नोकऱ्या व तंत्रशिक्षणातील जागा यांविषयी हमी होती. बिनशर्त होती ती लोकांची इच्छा.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ वेगळा ठेवून मराठवाडा गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्यात घालण्याची शिफारस केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भासह हे राज्य झाले. वेगळ्या मराठी राज्यासाठी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र पेटले, संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ ची निवडणूक तिथे गाजवली. मराठवाड्यात मात्र काँग्रेसचेच पारडे जड राहिले. मराठी राज्यासाठी इतके झगडलेल्या भागाचा हा कौल वरवर चमत्कारिक वाटतो, पण निजामाशी लढलेली संघटना इथे काँग्रेसच होती.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. नागपूर करारातील हमीला घटनेच्या कलम ३७१(२) चा आधार मिळाला, तरी त्यानुसार वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्येच स्थापन झाली. घाटनांदूरकडची अपिले पूर्वी हैदराबादच्या उच्च न्यायालयात जात, १९५६ नंतर मुंबईला. औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले ते १९८१ मध्ये.