यीस्टने जपलेली अडगळ

सन १९७७. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी ॲडिनोव्हायरसचा अभ्यास करताना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिले की जनुकातील मजकूर सलग नसतो. आरएनएमधील मधले तुकडे कापून उरलेले जोडले, म्हणजे स्प्लायसिंग झाले, की मगच प्रथिनाचा संदेश सिद्ध होतो. १९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी या तुकड्यांना ‘इन्ट्रॉन’ म्हटले. पुढे अनेकांनी त्यांना थेट अडगळ ठरवले. एवढी घाई कशासाठी होती, कोण जाणे.

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये ही अडगळ फारच थोडी. १९९६ मध्ये त्याचा जीनोम वाचून झाला. सुमारे ६,००० जनुकांपैकी जेमतेम पाच टक्क्यांत इन्ट्रॉन होते. पण त्यांतली कितीतरी जनुके रायबोसोमची प्रथिने घडवणारी, अखंड राबणारी.

याचा एक धागा १९८६ मध्येच न्यूयॉर्कमध्ये जोनाथन वॉर्नर यांच्या प्रयोगशाळेत हाती लागला होता. रायबोसोमच्या एका प्रथिनाचा साठा वाढला, की त्याच्याच आरएनएचे स्प्लायसिंग अडत असे. ते प्रथिन स्वतःच्या कच्च्या आरएनएला चिकटून कापणी रोखते, हे पुढे स्पष्ट झाले. न कापलेला इन्ट्रॉन म्हणजे उत्पादनाला लगाम!

२०१९ मध्ये कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठात शरीफ अबू एलेला यांच्या गटाने यीस्टमधील एकेक इन्ट्रॉन काढून पाहिला. अन्न मुबलक असताना बहुतेक वाणांचे काहीच बिघडले नाही. उपासमारीत मात्र त्यांतले बरेचसे मूळ वाणापुढे टिकले नाहीत. रायबोसोमचा खर्चिक कारखाना वेळीच मंदावण्यास हे इन्ट्रॉनच हातभार लावत होते.