नवापूर-तारापूरचे खलाशी आणि कराचीचा बंदिवास

तारापूरचा कोट चिमाजीअप्पांच्या सैन्यानें सन 1739 च्या जानेवारींत सर केला, हें वाचकांस ठाऊक आहेच. तत्पूर्वीं या किनाऱ्यावर दीडशेंहून अधिक वर्षें फिरंग्यांचा अंमल होता, आणि त्यांचा ‘कार्ताज’ नामक परवाना जवळ नसल्यास गलबत जप्त होत असे. कागदाच्या अभावीं समुद्रावर माणूस अडकतो, ही गोष्ट येथील दर्यावर्दी लोकांस नवी नाहीं.

आज ही अडवणूक कच्छच्या पश्चिमेस होते. बोईसरजवळील नवापूर, किंवा मुरबें, सातपाटी, वडराई हीं मच्छीमारांचीं गांवें तेथून पुष्कळ दूर. परंतु पालघर जिल्ह्यांतील, विशेषतः डहाणू-तलासरीकडील, अनेक आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळ येथील नौकांवर खलाशी म्हणून जातात, आणि त्यांतले कित्येक कराचीच्या मलीर तुरुंगांत पोंचतात. वादाचें मूळ सर क्रीक या खाडींत आहे. मुंबई सरकारच्या 1914 च्या ठरावांतील दोन कलमें परस्परांशीं जुळत नाहींत. 1968 च्या कच्छ लवादानेंही या खाडीचा निकाल केला नाहीं. खाडीचें मुख अनिर्णीत, म्हणून पुढची समुद्रहद्दही अनिर्णीत. जी रेघ दोन सरकारांस एकमतानें काढतां आली नाहीं, ती रात्रीं जाळें ओढणाऱ्या खलाशानें ओळखावी, अशी अपेक्षा आहे!

या बंदिवानांविषयीं उभय देशांत 1982 चा एक मसुदा होता. त्याहून स्पष्ट असा करार 21 मे 2008 रोजीं झाला. त्याअन्वयें अटकेची वार्ता तत्काळ कळवावी, तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांस भेट द्यावी, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यांत मनुष्य परत पाठवावा, असें ठरलें. दरवर्षीं 1 जानेवारी व 1 जुलै रोजीं याद्यांची देवघेव व्हावी, हें त्यांतील आणखी एक कलम. हें शेवटचें मात्र युद्धसदृश काळांतही नेमानें पाळलें गेलें. 1 जुलै 2025 च्या यादीप्रमाणें पाकिस्तानच्या ताब्यांत 193 व हिंदुस्थानच्या ताब्यांत 81 मच्छीमार होते.

येथें एक योग लक्षांत घेण्याजोगा आहे. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार 31 डिसेंबर 1988 रोजीं झाला. त्याच्याही याद्या 1992 पासून दर 1 जानेवारीसच दिल्या जातात. त्या कराराच्या व्याख्येंत अणुविद्युत्केंद्रें येतात, म्हणजे नवापूरच्या शेजारचें तारापूरही आलें. केंद्राची यादी देतांच कराराचें काम होतें. माणसांच्या यादीनंतर मात्र काम सुरू होतें; आणि तेथेंच तें रखडतें. खलाशाची नौका गुजरातची, घर महाराष्ट्रांत. त्याच्या राष्ट्रीयत्वाची खातरजमा गांवापर्यंत जाऊन परत दिल्लीमार्गें इस्लामाबादेस पोंचावी लागते. निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती यासाठीं 2007 मध्यें ठरली होती. 2013 नंतर तिचें कार्य खुंटलें.

वस्तुतः समुद्रकायद्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या 73 व्या कलमाप्रमाणें, उभय देशांत तसा करार नसेल तर, मासेमारीच्या गुन्ह्यास कारावासच देतां येत नाहीं. हिंदुस्थाननें ती 1995 मध्यें व पाकिस्ताननें 1997 मध्यें मान्य केली आहे. जुन्या संवयीनें येथें कौटिल्याचा नावध्यक्ष आठवतो. वाऱ्यानें भरकटलेल्या नौकेवर त्यानें पित्याप्रमाणें अनुग्रह करावा, भिजलेल्या मालाचें शुल्क माफ किंवा निम्में करावें, असें तेथें आहे. त्याच अध्यायांत चांच्यांच्या व शत्रुदेशीं जाणाऱ्या नौका नष्ट कराव्या, असेंही आहे. कौटिल्य भाबडा नव्हता; पण भरकटलेला कोण व वैरी कोण, हें निवडण्याचें ओझें त्यानें अधिकाऱ्यावर टाकलें, नावाड्यावर नव्हे.

6 नोव्हेंबर 2021 रोजीं ‘जलपरी’ या नौकेवर पाकिस्तानी सागरी दलानें केलेल्या गोळीबारांत वडराईचा एक मच्छीमार ठार झाला. मार्च 2024 मध्यें डहाणू तालुक्यांतील एक खलाशी कराचीच्या बंदिवासांत मरण पावला. ओखा आणि कराची एकाच समुद्रावर. तरी परतीचा मार्ग लाहोर, वाघा व अमृतसर असाच आहे. त्याचें शव गांवीं आलें तेव्हां मे महिना उजाडला होता.