शंभर माणसांचा कारखाना, दोन माणसांचं दुकान

ब्रिटनमध्ये तुम्ही दुकानात, रेस्टॉरंटमध्ये किंवा ऑफिसात काम केलं असेल, तर आरोग्य आणि सुरक्षेच्या कायद्याचं ते भिंतीवरचं पोस्टर तुम्ही पाहिलं असेल. वाचलं बहुधा नसेल. विद्यार्थी असताना एका रेस्टॉरंटमध्ये मी भांडी घासायचो, तेव्हा मीही वाचलं नव्हतं. त्या कागदामागे एक जुना प्रश्न आहे: कायद्याच्या लेखी कामगार कोण?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर आकड्यात दिलं गेलं. १८८१ चा पहिला भारतीय कारखाना कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, किमान १०० माणसांच्या कारखान्यांपुरताच होता. ९९ माणसांच्या कारखान्यात तीच यंत्रं, तेच फिरते पट्टे, पण कायदा दाराबाहेर. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे गेला. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ मध्ये १०० चा आकडा ५० वर आला. रेषा खाली सरकली, पुसली गेली नाही.

ब्रिटनमध्ये रेषा होती ती जागेची. १८३३ मध्ये कापड गिरण्यांसाठी चार निरीक्षक नेमले गेले. पुढे खाणींसाठी वेगळे कायदे आले, दुकानं आणि ऑफिसांसाठी १९६३ चा आणखी एक. शाळा, इस्पितळं अशा ठिकाणचे असंख्य लोक या सगळ्यांच्या मधल्या फटीत राहिले. १९७० मध्ये लॉर्ड रोबेन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच रोबेन्स राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष असताना, १९६६ मध्ये, ॲबरफॅन गावावर खाणीच्या कचऱ्याचा ढिगारा कोसळून १४४ जण गेले होते. त्यात ११६ मुलं होती. चौकशीत दोष मंडळावरच आला होता.

समितीच्या १९७२ च्या अहवालातून १९७४ चा कायदा झाला. त्याने जागा मोजणं सोडलं आणि जबाबदारी मालकावर टाकली. एकच नोकर असला, तरी ती असते. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर धोरण लेखी नसलं तरी चालतं, पण जबाबदारी टळत नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाची सुरक्षाही त्यातच येते. कारखान्यांची तपासणी राष्ट्रीय यंत्रणा करते, तर दुकानं, रेस्टॉरंटं आणि ऑफिसं बहुतेक करून स्थानिक कौन्सिलच्या निरीक्षकाकडे असतात. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचा निरीक्षक तुमच्याच कौन्सिलच्या कचेरीत बसतो. त्याच्याकडे तक्रार करता येते, हे भांडी घासताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी एक रेष उरलीच. खासगी घरातल्या घरकामाला याच कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. तुमच्याकडे कुणी घरकामाला येत असेल, तर तिच्या निसरड्या जिन्याची काळजी हा कायदा घेत नाही. ती तुम्हालाच घ्यायची आहे.